त्या दुपारी लाईट गेली होती

माझी नात म्हणते, आजी, जुने व्हिडिओ गेम किती बंडल होते. चित्र म्हणजे नुसते चौकोन, आणि जिथवर पोचलो ते जपून ठेवायची सोय नाही. तिच्या फोनवरच्या गेममध्ये मधेच जेवून आलं, झोपून उठलं, तरी माणूस होता तिथेच उभा असतो. मी म्हटलं, बंडल बिंडल काही नव्हते. जुना खोका मनाने साधा होता. बटण बंद केलं की सगळं विसरायचा. कोण खेळलं, कधी खेळलं, कितीदा मेलं, कुणाकडे बोलायचा नाही. त्याच्या ह्या एका गुणावर माझी इतकी वर्षं निभावली, एवढं मात्र तिला सांगितलं नाही.

तो खोका आमच्याकडे आला तेव्हा माझा मुलगा पाचवीत होता. त्याचे वडील मुंबईला गोदीत नोकरीला. मे महिन्यात आले ते ट्रंकेत टॉवेलात गुंडाळून घेऊन आले. पांढरट प्लॅस्टिकचा खोका, वर कॅसेट खुपसायची खाच, दोन वायरींना दोन रिमोट. टीव्हीवर चित्र आलं नाही की कॅसेट काढायची, तिच्यात फुंकर मारायची आणि पुन्हा बसवायची. आम्ही इतक्या श्रद्धेने फुंकर मारायचो की मंत्र पुटपुटायचा तेवढा राहिला होता. आता मुलगा सांगतो, त्या फुंकरीनेच पिना गंजायच्या. आधीच समुद्राची खारी हवा, त्यात आमची थुंकी.

त्या वेळची मी म्हणजे भारी शिस्तीची बाई. हळदीकुंकवाला गेले तरी चार जणींना सांगायची की गेममुळे मुलांचे डोळे जातात, अभ्यास जातो, आणि आमच्याकडे बाई नियम म्हणजे नियम. शनिवारी एक तास, रविवारी एक तास. बायका माना डोलवायच्या. त्यांच्या मुलांना त्या घरी गेल्यावर बडवत असतील, ते पापही माझ्याच खात्यात.

आणि सोमवार ते शुक्रवार दुपारी, मुलगा शाळेत गेला, जेवणाची भांडी झाली की ही शिस्तीची बाई दाराला आतून कडी घालायची, टीव्हीचा आवाज बंद करायची आणि खेळायला बसायची.

सुरुवात, हा एवढा काय बघतो ते बघू तरी, अशी झाली. मग ती रोजची झाली. गेममध्ये एक बुटका माणूस होता, पाठीला गाठोडं. त्याने तुटक्या पुलांवरून उड्या मारत पलीकडे जायचं, खाली पाण्यात सुसरी. आपल्याकडे ओढ्या-वहाळावर टाकतात तसले ते पूल, म्हणून मुलगा त्यांना साकव म्हणायचा आणि मनातल्या मनात मीही. त्या बुटक्याच्या नादात माझं बांगड्याचं तिखलं करपलं आणि मी माशांना नावं ठेवली. अंगठ्याला फोड आला. म्हावरंवालीने विचारलं तर सांगितलं, खवणी लागली. तिने माझ्या अंगठ्याकडे बघितलं, खवणीकडे बघितलं, आणि बांगडे मोजायला लागली.

एवढं करून मी कधी चौथ्या साकवापुढे गेले नाही. मुलगा आठवड्याला दोन तास खेळून माझ्या कितीतरी पुढे. आईला आपल्या लेकराचं कौतुक असावं. मला त्याचा हेवा वाटायचा. त्याच्या मागे बसून मी निवडायचे तांदूळ, आणि बघायचे त्याचा अंगठा.

एका रविवारी तो शेवटच्या साकवावर पोचला. नेमका तेव्हाच तास संपला.

तो म्हणाला, आये, पाच मिनटां. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. शेजारची बाई दारात बसली होती ना, तिच्यासमोर नियम मोडायचा कसा. खोका बंद केला तर सगळं पहिल्यापासून. मुलाने खेळ थांबवायचं बटण दाबलं, टीव्ही बंद केला आणि खोका तसाच चालू ठेवला. लाल दिवा पेटलेला. रात्रभर आणि दिवसभर चालू राहिला तर तापेल म्हणून चुलीमागून दोन करवंट्या आणल्या, पालथ्या घातल्या आणि त्यांच्यावर खोका ठेवला, खालून वारा लागायला. एवढा विचार पाचवीतल्या पोराने केला. उद्या शाळेतून आल्यावर अर्धा तास देईन, असं मी मोठ्या मनाने कबूल केलं.

सकाळी दप्तर पाठीला लावून तो माझ्यासमोर उभा राहिला.

"हात लाव नको हां. माज्या गळ्याची शपथ घे."

मी घेतली. त्याच्या गळ्याला हात लावून घेतली.

दुपारचं जेवण होईपर्यंत मी चांगली वागले. लाल दिव्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणजे बघितलं, पण लांबून. मग वाटलं, नुसता टीव्ही लावला तर काय बिघडतं, खोक्याला कुठे हात लावतोय आपण. टीव्ही लावला. आकाश नारिंगी झालेलं, तसं मी आधीच्या कुठल्याच साकवावर बघितलं नव्हतं. साकव लांबलचक. आणि पार टोकाला काहीतरी चौकोनी. घर असेल, देऊळ असेल, नुसतं दारही असेल. बुटका एक पाय उचलून थांबलेला.

मला ते टोकाचं बघायचं होतं. एवढंच. एक पाऊल टाकून पुन्हा थांबवू, त्याला कळणारही नाही, असं मी ठरवलं.

पहिल्या फळीवर पाय पडला आणि फळी सुटली. बुटका पाण्यात. त्याचा तो शेवटचा जीव होता, ते मला माहीत नव्हतं. पडदा काळा झाला आणि पहिलं पान आलं. रिमोट हातात घेऊन मी बसून राहिले. मग सगळं बंद केलं, वायर गुंडाळली, आणि काहीच सुचेना म्हणून खोका फडक्याने पुसला.

मुलगा धावतच आला. वहाणांसकट आत. त्याने विचारायच्या आधीच मी म्हटलं, "लाईट गेल्ली रे."

आमच्याकडे लाईट जाणं म्हणजे भरती-ओहोटी. कोण शंका घेणार. तरी त्याने विचारायचं ते विचारलंच.

"पंखो पण बंद झाल्लो?"

"होय तर. घामान भिजलंय मी."

तो रडला नाही. रडला असता तर मी कदाचित बोलले असते, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आले. त्यावर विश्वास ठेवू नका. त्याने करवंट्या उचलल्या आणि चुलीमागे जिथल्या तिथे नेऊन ठेवल्या. संध्याकाळी मी त्याच्यावरून मीठ-मिरच्या ओवाळून काढल्या, गळ्याची शपथ मोडली होती म्हणून. तो म्हणाला, आये, माका कोणाची दृष्ट लागली? मी म्हटलं, असात कोणाची तरी.

त्यानंतर तो गेम खेळला नाही. लाईट कधी जाईल भरवसा नाही तर खेळायचं कशाला, म्हणाला. चतुर्थीला मुंबईहून चुलतभाऊ आला, त्याला खोका देऊन टाकला. आणि मी हळदीकुंकवाला सांगितलं, बघा, शिस्त लावली की मूल आपणहून सोडतं.

पुढे तो कॉलेजात असताना कॉम्प्युटर घेतला. नात त्या जुन्या कॉम्प्युटरलाही हसते, पण त्याला रुबाब होता. मागे भोपळ्याएवढं पोट, त्यावर मी विणलेलं झाकण. पावसात ओल धरू नये म्हणून टेबलाखाली पिवळा बल्ब जळत असायचा, बाळंतिणीच्या खोलीत असतो तसा. घरात टेबल यायच्या आधी लाईट गेल्यावर चालणारी बॅटरी आली. मुलगा एक ओळ लिहायचा आणि जपून ठेवायचं बटण दाबायचा. पुन्हा एक ओळ, पुन्हा बटण. फ्लॉपीला बुरशी येते म्हणाला, तर मी त्याच्या सगळ्या फ्लॉप्या सुपात घालून कोकमाच्या सोलांच्या शेजारी उन्हात वाळत टाकल्या. संध्याकाळी त्या पापडासारख्या वाकल्या होत्या. मी घाबरले. तो म्हणाला, असूं दे, मी तीन ठिकाणी काढून ठेवलंय. कोणावर भरवसा ठेवायचा नाही हे त्याला कुणी शिकवलं, ते त्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

आता त्याचं कट्टा गावच्या बाजारात इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान आहे. चांगलं चालतं. गिऱ्हाईक का-कू करायला लागलं की तो त्याला गोष्ट सांगतो. शेवटचा साकव, दोन करवंट्या, आणि लाईटीने केलेला दगा. इतकी रंगवून सांगतो की माणसं चहा थंड करतात. आमच्या घरी लग्नकार्यातही ती गोष्ट होते. मी त्या वेळेला आत काहीतरी शोधायला जाते. मला आतल्या खोलीत नक्की काय हरवलंय, असं सून एकदा विचारत होती.

या मे महिन्यात चुलतभावाने मुंबईचं घर आवरलं आणि तो खोका आंब्याच्या पेटीत घालून परत आणून दिला. माझा मुलगा, केस पिकलेला बाप्या, जेवायचं विसरला. पिना कापसाने आणि स्पिरिटने पुसल्या. जुन्या वायरी नव्या टीव्हीला कशाबशा जोडल्या. चित्र आलं तेव्हा घरात मी सोडून सगळे ओरडले. नात लगेच शिकली. आठवडाभर खेळून ती शेवटच्या साकवावर पोचली तोवर जेवायची वेळ झाली. मुलगा उठला, स्वयंपाकघरात जाऊन दोन करवंट्या घेऊन आला. तिला दाखवलं, अशा पालथ्या घालायच्या. टेबलाखालच्या इन्व्हर्टरवर थाप मारून म्हणाला, ह्या खेपेक लाईटीचा काय चलाचा नाय.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात मी एकटी होते. लाल दिवा पेटलेला. मी परसात जाऊन बसले आणि सगळे घरी येईपर्यंत आत गेले नाही.

संध्याकाळी नातीने खेळ सुरू केला. नारिंगी आकाश, लांब साकव. मुलगा तिच्या मागे उकिडवा बसला होता. नातीने पहिल्या फळीवर पाय ठेवला आणि बुटका पाण्यात गेला.

नात हसायला लागली. मुलगा म्हणाला, चलता गो, परत खेळूया, आणि मग त्याची नेहमीची गोष्ट त्याने सुरू केली, की त्या दिवशी लाईट गेली नसती तर.

"लाईट गेल्ली नाय," मी म्हटलं. "मी खेळलंय."

नातीला वाटलं आजी चेष्टा करते. ती अजून हसत होती. मुलाने माझ्याकडे बघितलं नाही. तो माझ्या अंगठ्याकडे बघत होता.

"खंयपर्यंत गेल्लंस?"

"पयल्याच फळीवर."

"ती धरूचीच नव्हती गो," तो म्हणाला. "थंयसून सरळ उडी मारूची होती. शाळेत दिसभर मी तीच उडी मारी होतंय."

मग त्याने हात लांब करून खोका बंद केला आणि करवंट्या घेऊन आत गेला. रागावला नाही. जेवताना मला माशाचं डोकं वाढायला लावलं सुनेला, रोजच्यासारखं.

परवा डॉक्टरकडून येताना बस चुकली म्हणून मी त्याच्या दुकानात बसले होते. आंबोलीचा एक माणूस आला. त्याची रस्त्यावर भजी-चहाची टपरी आहे. पावसात आमच्याकडे लाईट म्हणजे पाहुणी, म्हणाला, पण एवढी मोठी बॅटरी खरंच लागते का, की तुमचा आपला धंदा? शिवाय त्याच्या गाववाल्याने सांगितलं होतं, त्या दुकानात एक गोष्ट सांगतात, ती ऐकून ये.

मुलाने एकदा माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, टाळेल. आणि टाळली तर मी त्याच्याकडून साकवानंतर ही गोष्टही काढून घेतली, असं होईल. आत उठून जायला दुकानाला आतली खोली नव्हती.

त्याने सांगायला सुरुवात केली. साकव आला, करवंट्या आल्या. आवाज नेहमीएवढा चढला नाही, पण एकही फळी त्याने गाळली नाही. शाळेतून धावत आला आणि आई म्हणाली, लाईट गेल्ली.

टपरीवाला माझ्याकडे वळला. "होय काय गो आजये? लाईटच गेल्ली?"

माझं तोंड उघडायच्या आत मुलगा बोलला. हिशेबाच्या यंत्रावर बोटं फिरवत, वर न बघता.

"होय तर. पंखो पण बंद झाल्लो. घामान भिजलेली ती."

माणूस चुकचुकला आणि मोठी बॅटरीच द्या म्हणाला. मी पदराने मान पुसली. वर पंखा चालू होता.