रझियाखालांची रविवारची शाळा

स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचा फोन मीच उचलला. हॉस्पिटलमधून खालांचा मुलगा सलीम म्हणाला, "अम्मी गई..." गॅसवर त्यांच्यासाठी ठेवलेली पेज उतू जाईपर्यंत मी तशीच उभी होते.

रझियाखाला मूळच्या दापोलीकडच्या. मराठी चौथीपर्यंतची शाळा, मग आईवडलांबरोबर कराची, लग्नानंतर अमेरिकेत, टेक्ससमधलं अर्विंग. १९८४ साली मी कॉलेजसाठी इथे आले आणि त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहू लागले. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. आपलं सगळंच चुकतंय, असं सारखं वाटायचं. पहिल्या संध्याकाळी त्यांनी खालून हाक मारली, "गो, जेवलीस काय?" आणि मला रडूच आलं.

दर रविवारी त्यांच्या गॅरेजमध्ये पाकिस्तानी मुलांची उर्दू शाळा भरायची. मुलं इंग्रजीत उत्तर द्यायची, खाला ऐकूच न आल्यासारखं करायच्या. लिहायला तख्ती, म्हणजे मुलतानी माती फासलेली लाकडी फळी. बोरूने लिहायचं, धुवायचं, पुन्हा माती फासायची. वह्या का नकोत, असं मी एकदा भीतभीत विचारलं. म्हणाल्या, "वहीतली चूक तशीच राहते, गो. घाबरट पोर मग लिहीतच नाही." ते कुणाबद्दल होतं, मला आजही नक्की ठाऊक नाही...

कराचीहून आणलेली माती संपली तेव्हा सुपरमार्केटमध्ये त्यांना तशीच माती सापडली. मांजराने घाण करावी म्हणून ट्रेमध्ये घालतात ती. कुटली, भिजवली, फळीवर झकास बसली. पण शाळेतल्या नदीमने घरी सांगितलं. पुढच्या रविवारी सगळे आईबाप गॅरेजमध्ये हजर.

"आपा, हद है! बिल्ली की लॅट्रीन?" नदीमची आई, शबानाभाभी, कडाडल्या. "हमारे बच्चे नहीं आएँगे."

शाळा तिथेच बंद पडायची वेळ आली. खालांनी वाद घातला नाही. बादलीत हात घालून ओली माती गालांना, कपाळाला फासली. "शादी में तुमने भी यही लगाई थी ना, शबाना? थैली नई है. बिल्ली ने देखी भी नहीं."

नदीम पुढे येऊन म्हणाला, "मॉम, कॅन आय ट्राय?" शबानाभाभी हसू दाबता दाबता खालीच बसल्या.

दफन झाल्यावर पुन्हा सगळे गॅरेजमध्ये जमले. शाळा कोण चालवणार? मी हात वर केला. कसा केला, सांगता येणार नाही.

"तुम?" शबानाभाभी म्हणाल्या. "तुम्हें तो उर्दू का अलिफ भी नहीं आता!"

"आप सिखाइए. मैं बच्चों के साथ बैठूँगी. बाकी सब मैं करूँगी."

शबानाभाभी म्हणाल्या, "दस बजे. लेट मत होना."

रविवारी खाला सगळ्यात आधी आपली जुनी गाडी गॅरेजमधून बाहेर काढायच्या, मग सतरंजी अंथरायच्या. आता ती गाडी मी काढते. गाडी चालवण्यात मी अजून शिकाऊच, त्यामुळे सलीम शेजारी बसतो आणि शबानाभाभी मागे उभ्या राहून ओरडतात, "और पीछे! अरे, गमला! गमला!" गाडी एकदाची रस्त्याकडेला लागते. ती तिथे दिसली, की वळणावरूनच पोरांना कळतं, आज शाळा आहे.