सोसवेल तेवढा शेक

माझी छाती भाजत होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता. आजवर दोन-चार जणांनाच मी हे सांगितलं असेल, आणि दरवेळी समोरचा आधी हसतो. भाजलेलं कळत नाही म्हणजे काय? मीही तोवर असाच हसलो असतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. न्हावा शेव्याला एका क्लिअरिंग एजंटकडे मी कामाला होतो. कंटेनरचे कागद या टेबलावरून त्या टेबलावर न्यायचे, सही होईपर्यंत साहेबापुढे लाचार चेहरा करून उभं राहायचं, हे माझं काम. माझ्या शाळेच्या दाखल्यावर मुलगी लिहिलेलं होतं. एजंटने एकदा दाखला पाहिला, एकदा मला पाहिलं आणि म्हणाला, "फाईल हलवता येते ना? मग टेन्शन नको." घणसोली गावात तर कोणी दाखला मागितलाच नाही. घरमालकीण मावशीला खोलीसाठी एकटा, न पिणारा पुरुष हवा होता. मी एकटा होतो, पीत नव्हतो, आणि पुरुष होतोच. फक्त ते माझ्या छातीला मान्य नव्हतं. बारा वर्षं मी तिला पट्ट्यांनी आवळून, वर दोन बनियन चढवून गप्प बसवलं होतं.

मानसोपचारतज्ज्ञाकडे दोन वर्षं खेटे घातल्यावर मुंबईतला एक सर्जन ऑपरेशनला तयार झाला. ऑफिसात मी हर्निया सांगितला. मावशीला सांगितलं, छातीत गाठ आहे, काढायची आहे. आठव्या दिवशी खोलीवर परतलो तो सपाट होऊन. शर्टाच्या आत पट्टी होती, टाके होते, खाली वाकता येत नव्हतं, पण आनंद पोटात मावत नव्हता. भिंतीवरच्या छोट्या आरशात मी दिवसातून दहा वेळा डोकवायचो. शेवटी आरसाच खाली काढून हातात धरायला लागलो.

अकराव्या दिवशी डावी बाजू फुगली. बोट लावलं की आत पाणी डचमळल्यासारखं व्हायचं. मला वाटलं, परत येतंय. बी.कॉम. झालेला माणूस मी, पण देवाशपथ सांगतो, कापून काढलेलं पुन्हा उगवतंय असंच मला वाटलं. एसटीडी बूथवरून हॉस्पिटलला फोन लावला. सर्जन बाहेरगावी गेले होते. असिस्टंट म्हणाला, "सोमवारी या, तोपर्यंत पट्टी घट्ट ठेवा." तेव्हा शुक्रवार होता.

शनिवारी दुपारी मावशीने मला अंगणात डावी बाजू धरून चालताना पाहिलं. मावशी साठीची, सासरची पिढीजात मिठागरं होती, ती शहर वाढताना मातीच्या भरावात गेली. मिठाचं एक काम मात्र तिच्याकडे राहिलं होतं. आळीत कोणी बाळंत झालं, कोणाची कंबर धरली, कोणाचा पाय मुरगळला, की तिला बोलावणं यायचं. तव्यावर खडेमीठ तापवायचं, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून पुरचुंडी करायची आणि शेक द्यायचा. हे काम ती दुसऱ्या कोणाच्या हाती देत नसे. पुरचुंडी आधी स्वतःच्या गालाला लावून बघायची, मगच दुसऱ्याच्या अंगाला. तिच्या हाताला गुण आहे, असं सगळा गाव म्हणायचा.

"सूज आली हाय ना रं? बस, शेक देते," ती म्हणाली.

"नको, मी घेतो," मी इतक्या तुटकपणे म्हणालो की ती बघतच राहिली. शर्ट काढायला लागला असता ना.

"असा कोनाच्या हाती देत नाय मी." पण माझा चेहरा बघून तिने पुरचुंडी माझ्या हातात ठेवली. "सोसवंल तेवढाच गरम घे. चटका बसला की थांब. निवला की परत तव्यावर ठेव."

दार लावून मी पट्टी सोडली आणि बनियनवरून पुरचुंडी दाबली. काही लागलं नाही. मला वाटलं, निवली असेल. स्टोव्हवर तवा ठेवून पुन्हा तापवली. तरी काही नाही. तिसऱ्यांदा तापवली तेव्हा पुरचुंडीच्या गाठीला हात लावता येईना, म्हणून फडक्यात धरली आणि दाबून बसलो. चटका बसेना. मनात म्हटलं, वा रे पठ्ठ्या, काय सोसतोयस! खरंच स्वतःची पाठ थोपटत होतो मी. मग वास आला. आधी वाटलं फडकं करपलं, म्हणून स्टोव्हकडे पाहिलं. फडकं धड होतं. बनियन वर करायला गेलो तर ते आलं नाही, चिकटलं होतं. ओढलं. बनियनबरोबर कातडी आली.

आरशात पाहिलं. डाव्या बाजूला पांढरा फटक पट्टा, कडेला लाल, मधे लोंबणारं साल. आणि दुखत नव्हतं! कोणा दुसऱ्याचं अंग बघावं तसा मी बघत होतो. ओरडायचं असतं हेही सुचेना. मग आरसा हातातून पडून फुटला.

आवाजाने मावशीने दार वाजवलं. शर्ट कसाबसा अंगावर ओढून मी दार उघडलं आणि म्हणालो, "मावशी, भाजलो." तिने शर्टावर पसरणारं पाणी पाहिलं आणि स्वतःच्या हाताकडे पाहिलं. रिक्षा तिनेच आणली. गावातला डॉक्टर नको, असा हट्ट मी धरला, म्हणून नेरूळला गेलो. सगळ्या वाटेत ती एकच विचारत होती, "इतका गरम कसा सोसलास रं?"

नेरूळचा सर्जन वयस्क होता. त्याने माझं मुंबईच्या हॉस्पिटलचं कार्ड वाचलं, मला पाहिलं, परत कार्ड वाचलं, आणि सुई घेतली. "टोचतंय?" नाही. "इथे?" नाही. "इथे?" नाही. काखेजवळ आला तेव्हा मी उडालो. मग तो म्हणाला, "अशा ऑपरेशननंतर कातडीला महिनोन्महिने काही कळत नाही. शेक घ्यायचा नसतो. सांगितलं नाही तुम्हाला?" सांगितलं असेल. घरी सोडताना तो असिस्टंट पाच मिनिटं काहीतरी बोलत होता खरं, पण मी तेव्हा खिडकीच्या काचेत माझा सपाट शर्ट बघत होतो.

आतलं पाणी त्याने सिरिंजने काढलं. उगवलं-बिगवलं काही नव्हतं, नुसतं साचलेलं पाणी होतं, आपोआप जिरलंही असतं. भाजलेल्या भागातलं स्तनाग्र मात्र वाचणार नाही, असं त्याने सांगितलं. मी मान हलवली. बारा वर्षं वाट पाहिलेली छाती मी बारा दिवसांत स्वतःच्या हाताने जाळली होती, आणि जळताना स्वतःला शाबासकी देत होतो.

बाहेर बाकावर मावशी बसली होती. डॉक्टरने भरल्या व्हरांड्यात तिला झापलं. "शेक तुम्ही दिलात? माणूस जाळलात तुम्ही!" तिथे आमच्या आळीतली एक बाई नेमकी कोणाला तरी भेटायला आलेली. मी म्हणायला हवं होतं, की शेक मी घेतला, हिला मी खोलीबाहेर ठेवलं. पण का ठेवलं, हा प्रश्न लगेच आला असता. मी शर्टाची बटणं लावत उभा राहिलो.

आठवड्याने भिंतीपलीकडून बोलणं ऐकू आलं. शेजारीण सुनेला शेक द्यायला बोलवत होती. मावशी म्हणाली, "नको गं. माज्या हाताला आता गुन नाय." आवाजात रडणंही नव्हतं.

शेजारीण गेल्यावर मी मावशीच्या दारात जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं. दाखला, पट्ट्या, ऑपरेशन. ती बघत राहिली, तेव्हा शर्ट उघडला. डॉक्टर सोडले तर असा मी कोणापुढेच उभा राहिलो नव्हतो. आडवे टाके, एका बाजूला काळी पडलेली खपली. आता ही मला खोली सोडायला सांगणार, म्हणून मनातल्या मनात ट्रंक भरूनही झाली होती.

ती जवळ आली, टाक्यांवर वाकली. "म्हंजे तुला कलतच नव्हता?"

"नाही."

"कोनीबी शेकला असता तरी कलला नसता?"

"तुम्ही शेकलं असतं तर भाजलोच नसतो, मावशी. तुम्ही गालाला लावून बघता."

ती खाली बसली, पदर तोंडाला लावला आणि ढसाढसा रडली. मी हबकलोच. बाई की बाप्या, हे तिने विचारलंच नाही. तिला फक्त ती सुटल्याचं ऐकू आलं होतं. डोळे पुसून तिने विचारलं, "मंग लोकांना काय सांगू, पोरा? सगल्या आलीत झाला हाय, मी मानूस जालला."

खरं सांगितलं तर तिच्या हातावरचा ठपका जात होता आणि मी गावातून उठत होतो. ती माझ्याकडे बघत म्हणाली, "शर्ट घाल. वारा लागंल."

त्यानंतर मी तिथे दोन वर्षं राहिलो. तिला शेक द्यायला कोणी बोलावलं नाही. होळीच्या आधी एकदा आळीतल्या एकीशी पाण्याच्या नळावरून तिचं वाजलं. ती बाई भर अंगणात ओरडली, "तू काय बोलतेस गं? मानूस जाललास तू!" मी खोलीच्या दारातच उभा होतो, सपाट शर्टात. मावशीने माझ्याकडे बघितलंही नाही. हंडा कमरेवर घेतला आणि म्हणाली, "हो, जालला. माज्याच हातानं जालला."

आणि मी आत येऊन दार लावून घेतलं.