मेहमुदाचाचींना बसवून ठेवलं

मंगळवार पेठेत मेहमुदाचाची पिंजारींचं गाद्यांचं दुकान. नवरा कापूस पिंजायचा आणि चाची जमिनीवर उकिडव्या बसून गाद्यांना टाके घालायच्या. तो गेल्यावर दुकान त्यांनीच ओढलं. भरलेली गादी एकटीनं उलटी करणारी बाई.

दोन वर्षांपूर्वी न्हाणीच्या उंबऱ्याला पाय अडखळून त्या पडल्या. मनगट मुरगळलं, हाड शाबूत राहिलं. डॉक्टरनं एक्स-रे काढला, गोळ्या लिहिल्या आणि म्हणाला, "वय झालं. आराम करा." ही बाई खुर्चीतून कशी उठते, चालताना कुठं धरते, ते त्यानं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही!

पण त्याच्या शब्दाचा घरानं कायदा केला. दुकानात मुलगा मोहसीन बसू लागला. चाचींनी खाली बसायचं नाही, जिना चढायचा नाही. पाण्याचा तांब्याही सून तहरीम हातात आणून देई. जरा उठल्या की दोन्ही काखांत हात. "अम्मी, तू बस की." सगळं मायेनंच. मायेनं जखडलेल्या माणसानं गाऱ्हाणं कुणाकडं न्यायचं?

वर्षभरानं चाची पुन्हा पडल्या, या वेळी सपाट फरशीवर, नुसत्या पलंगावरून उठताना. तेव्हा कुठं मोहसीन त्यांना राजारामपुरीत संयोगिता नावाच्या फिजिओथेरपिस्टकडं घेऊन गेला.

तिनं भिंतीला टेकलेली खुर्ची दाखवली. "हात छातीवर घ्या. आधार न घेता अर्ध्या मिनिटात जमेल तितक्या वेळा उठा-बसा."

चाची कशाबशा दोनदा उठल्या. पुढच्या वेळी मांड्या थरथरल्या आणि हात आपसूक खुर्चीला गेला. मोहसीन धावला.

"थांबा. त्यांचं त्यांना करू द्या," संयोगिता म्हणाली.

मग एका पावलापुढं दुसरं पाऊल जोडून उभं राहायचं होतं. चाची लगेच कलल्या, संयोगितानं सावरलं. खुर्चीतून उठून थोडं चालून परत यायलाही फार वेळ लागला.

"पायातली ताकद बरीच कमी झालीय. पुन्हा पडायची भीती आहे. दिवसभर काय काम करता?"

"काम? बसवून ठेवलंय की मला!" चाचींचा आवाज बाहेरच्या बाकापर्यंत गेला. "पयल्यांदा पडले तवा पायात जोर हुता. ह्यांनी वरीसभर बशीवलं, तवा गेला. आनि त्या डॉक्टरला एकदाबी वाटलं न्हाय, हिचं पाय बगावंत?"

"वयाचा भाग आहेच," संयोगिता म्हणाली, "पण न वापरलेले पाय लवकर खचतात. ते परत कमावता येतील."

मोहसीन पुटपुटला, "पडशील म्हणून भ्या वाटायचं, अम्मी."

"भ्या तुला आनि शिक्षा मला व्हय रे?"

घरी व्यायाम सुरू झाला. खुर्चीतून उठणं-बसणं, स्वयंपाकाचा कट्टा धरून टाचा उचलणं. तहरीम शेजारी उभी राही, हात मात्र लावायचा नाही. मोहसीननं न्हाणीचा उंबरा फोडून काढला आणि भिंतीला धरायला दांडी बसवली. काही महिन्यांनी पुन्हा चाचणी झाली, तेव्हा चाची आधाराशिवाय सलग उठल्या. पावलं जोडून उभं राहताना तोल अजून जातो.

आता त्या दुकानात जातात. परवा समजलं, गल्लीतल्या धोंडुबाईला पोरांनी जिना उतरायची बंदी केलीय. चाची तडक तिच्या घरी गेल्या. "आईला राजारामपुरीला कवा नेतायसा?" त्यांनी थोरल्याला दारातच विचारलं, आणि तो तारीख सांगेपर्यंत तिथून हलल्या नाहीत.