झांकीतला हत्ती

इंदुरात अनंत चतुर्दशीला मिलवाले झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, काढतात. बाबांच्या मिलच्या झांकीत त्यांनी स्वतः बनवलेला हत्ती असे. मागून सायकलचं चाक फिरवलं, की तो कान हलवून सोंडेतून गुलाल शिंकायचा. मिल बंद पडली, तरी कामगार वर्गणी काढून त्याला दरवर्षी रस्त्यावर आणायचेच.

मी मुलांच्या कार्टून कंपनीत चित्रं काढत असे. तोच शिंकणारा हत्ती मी तिथे काढून दिला आणि तो कुणाचा, ते सांगितलं नाही. त्याच्या जोरावर एका खोलीतली कंपनी सांवेर रोडवरच्या मोठ्या कारखान्यात गेली. सियागंजच्या घाऊक बाजारात त्याचं चित्र असलेली दप्तरं थप्प्यांनी विकली जाऊ लागली. मग एक दिवस साहेब मला म्हणाले, "झांकीवालों को बोल दो, हमारा हाथी नहीं चलेगा."

हमारा! आजही अंगाची आग होते. तेव्हा मात्र मी मुकाट्यानं त्यांचा निरोप बाबांकडे घेऊन गेले.

"बाबा, यंदा हत्ती नको."

"का गं, सर्दी झाली त्याला?"

"तो आता कंपनीचा आहे."

बाबांचे मिलमधले जोडीदार हसले. "लो भिया, मिल गई, अब हाथी भी गया!"

बाबा हसले नाहीत. "तो कुणाचा, ते तू सांगितलं नाहीस त्यांना?"



त्या वर्षी झांकी हत्तीविना निघाली. पाठीवर हत्तीचं नवं दप्तर मिरवत आलेल्या एका चिमुरडीनं विचारलं, "दादाजी, हाथी किधर है?"

बाबांनी तिच्या पाठीकडे बोट दाखवलं.