पन्नास माणसांचं पाणी

फौजेचा मोठा अधिकारी म्हटल्यावर मी कमरेला पिस्तूल, मिशांना पीळ, असलं काहीतरी मनात धरून होतो. जीपमधून उतरले ते चष्मेवाले, बारीक अंगाचे कर्नलसाहेब. हातात पेन्सिल, गळ्यात नकाशाची पिशवी. पिस्तूल नाहीच! माझा पार हिरमोड झाला.

निजामी जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी भालकीच्या तहसील कचेरीत कारकून. उर्दू दप्तर वाचता येतं, मराठी-कानडी घरचीच, अन् इंग्रजी अडखळत का होईना बोलतो, म्हणून तहसीलदारांनी मला पंधरा दिवस कर्नलसाहेबांच्या दिमतीला दिलं. साहेब मद्रासकडचे. त्यांची हिंदुस्थानी माझ्या इंग्रजीएवढीच लंगडी, त्यामुळं आमचं छान जमलं.

अन् प्रश्न तरी कसले विचारायचे! बैल एका वेळेला किती पाणी पितो? काळ्या रानातली वाट पावसानंतर कितव्या दिवशी गाडी पेलते? हळ्ळीखेडात कडब्याच्या गंजी किती? शेवटी मला राहवलं नाही. म्हटलं, "साहेब, लढाई कुठं अन् बैलाचं पाणी कुठं? तुमचं काम तरी काय?"

ते हसले. "लढणारे वेगळे. ते कुठून जातील, काय खातील, कुठं पाणी पितील, हे आधी ठरवून वरच्या साहेबापुढं ठेवणारा मी. माझं चुकलं तर गोळी सुटायच्या आधीच फौज हरते."

उद्या सरहद्दीवर धाडायची माणसं आधी आमच्या मुलखात चालवून बघायची होती, बिदरहून गुलबर्ग्याकडं. त्याची ही तयारी. मला भलतंच नवल वाटलं. फौजेच्या पोटात एवढा हिशेबी माणूस बसलेला असतो, हे आम्हाला कुणी सांगितलं होतं? मग मीच त्यांना उलटे प्रश्न विचारून भंडावून सोडलं.

यादीत पुढचं गाव निघालं खटकचिंचोळी. माझं गाव! अन् विहीर आमचीच. हे गाव यादीत नसतं तर बरं, असं मला वाटलं.

कारण सांगतो. निजामी जायच्या गडबडीच्या साली खाकीतल्या बंदूकवाल्यांची एक टोळी त्या विहिरीवर आठ दिवस उतरली होती. माणसं, खेचरं, धुणी. विचारणं नाही, पुसणं नाही. तळाचा गाळ दिसला अन् अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, उभा ऊस डोळ्यांदेखत वाळून गेला. तेव्हापासून खाकी कापड दिसलं की अप्पा दार लावून घ्यायचे. यंदा कुठं त्यांनी पुन्हा ऊस लावला होता. साहेब येणार ही खबर आदल्या दिवशी मीच घरी धाडली. लपवू कशाला?

आम्ही पोचलो तर अप्पा विहिरीवरच उभे. पाणी पार खाली गेलेलं. मी बघताक्षणी ओळखलं, म्हाताऱ्यानं पहाटेपासून मोट हाकून विहीर उपसली होती! उसात घोट्याएवढं पाणी तुंबलेलं.

"दिसायलंय तेवढंच हाय," अप्पा म्हणाले. "झरे मेलेत. एकदा उपसलं की आठ दिवस भरत न्हाई. सांग तुझ्या साहेबाला."

मी मान खाली घालून शब्दाला शब्द सांगितलं. लाज वाटत होती, पण तो ऊसही दिसत होता.

साहेबांनी उसाकडं एकदा बघितलं. मग दोरीला दगड बांधून विहिरीत सोडला, दोरी मोजली, घड्याळ बघितलं अन् काठावर चक्क मांडी घालून बसले. "जेवून घेऊ," म्हणाले.

अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, घरून भाकरी, शेंगाची चटणी अन् ताक धाडलं. अप्पांनी भाकरी तशीच बाजूला ठेवली. "ऊन व्हायलंय म्हणावं साहेबाला. पुढची गावं लांब हायती." साहेबांना कसलीच घाई नव्हती. खाली झरे बुडबुडायचे, ते मला ऐकू यायचं अन् अप्पा मोठ्यानं खोकायचे. काय तो तमाशा! दोन तासांनी साहेबांनी पुन्हा दोरी सोडली. पाणी हातभर चढलं होतं. अप्पांचं तोंड एवढंसं झालं. साहेबांनी काहीतरी लिहिलं, ताकाबद्दल हात जोडले अन् निघाले.

जीपमध्ये म्हणाले, "वडील ना तुझे?"

मी गार. "कसं ओळखलंत?"

"मला ताक हातात दिलं. तुझ्यापुढं पेला आदळला."

मग मी सगळं ओकलो. टोळी, ऊस, माझी खबर, सगळं. म्हटलं, "साहेब, आता विहीर गेलीच ना आमची?"

"तेव्हा आले त्यांनी काही मोजलं नव्हतं, म्हणून गाळापर्यंत प्याले," साहेब म्हणाले. "मी 'पाणी नाही' लिहिलं तर सगळा भार पुढच्या गावावर पडतो, 'भरपूर' लिहिलं तर तुमच्यावर. म्हणून बसावं लागतं काठावर." त्यांनी कागद दाखवला. पन्नास माणसं, एक मुक्काम, मालकाला विचारून.

अप्पांना हे सांगायची माझी छाती झाली नाही. वर्षभर मी मूग गिळून बसलो.

पुढच्या उन्हाळ्यात फौज आली. वाट दाखवायला कचेरीनं मलाच धाडलं. अप्पा काठी घेऊन विहिरीच्या तोंडाशी उभे, मागं पुरुषभर ऊस. तुकडीचा हवालदार बांधाबाहेरच थांबला. खिशातून कागद काढला अन् मला अप्पांना विचारायला सांगितलं, "कागदावर लिहिलंय तसे पन्नास जण आहोत. एकच मुक्काम. पाणी घेऊ का?"

मी विचारलं. उभ्या जन्मात खाकीतल्या माणसानं त्यांना काही विचारलं नव्हतं. त्यांनी एकदा कागदाकडं बघितलं, एकदा हवालदाराकडं. माझे डोळे भरले, खोटं कशाला बोलू? तेवढ्यात त्यांनी काठी माझ्यावरच उगारली.

"पन्नास? पन्नासच लिवू दिलंस व्हय रे? शंभर माणसांचं पाणी हाय माझ्या विहिरीत! कामून माझी अब्रू घालवायलास?"

अन् काठी तिथंच टाकून ते मोटेला बैल जुंपायला गेले.