पडद्यावरचे एलोजी

शेगुलाबाई झिराडकरांना सिनेमाचं वावडं होतं, म्हणून त्यांनी तो माहितीपट बंद पाडला, असं ठाण्यात अजून काहीजण छातीठोकपणे सांगतात. सांगोत बापडे. बाईंना सिनेमाचा इतका नाद होता, की कुणाचं बाळंतपण उरकून दमून परततानासुद्धा थिएटरबाहेरची चित्रं न्याहाळल्याशिवाय पाय पुढे निघत नसे. आणि हा तर त्यांच्या स्वतःच्या घरात काढलेला सिनेमा होता.

बाई सुईण होत्या. टेंभी नाक्यापासून खाडीपलीकडच्या कळव्यापर्यंत कुणाचंही बोलावणं आलं, की पदर खोचून निघायच्या. जातीने बेने इस्राएल, म्हणजे ज्यू. पूर्वज कोकणात घाण्यावर तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक शनवार तेली म्हणत. घरात बोली मराठी, अंगावर नऊवारी, ताटात भात आणि नारळाच्या रसातलं कालवण. सिनॅगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघराला, त्यांच्या घरी मशीदच म्हणत. नवरा एलोजी रेल्वेत फिटर आणि सणावाराला कीर्तनकार. डोक्याला पगडी, हातात झांजा, आणि आख्यान मोशेचं. मोशे आपल्या माणसांना मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, गुलामीतून सोडवून समुद्राकाठी आणतो, तिथवर गोष्ट आली की एलोजी डोळे मिटून स्वतः रचलेलं पद धरायचे:

दर्यादादा, सर बाजूला,
लेकरं माझी दमली रे;
पैलतीराला चूल पेटू दे,
रात फार ही लांबली रे.

शेजारी हरिहर मास्तर राहत. भिंतीतून ऐकून ऐकून मास्तरांच्या मंदाकिनीबाईंना ते पद पाठ झालं होतं. पोळ्या लाटताना त्या ते गुणगुणायच्या आणि एलोजी अलीकडून ताल चुकला म्हणून चिडवायचे. असा शेजार.

बावन्न सालच्या थंडीत मास्तरांनीच आनंद नावाच्या तरुणाला घरी आणलं. मुंबईच्या कुठल्याशा संस्थेसाठी तो ज्यू धर्मावर माहितीपट काढत होता. बाईंनी एलियाहू नबीच्या नावाने मलिदा केला, गूळखोबरं घातलेल्या पोह्यांचं ताट सजवलं. एलोजींनी पद म्हटलं. आनंदने सगळं टिपून घेतलं, पोहे दोनदा मागून खाल्ले आणि पाया पडून गेला. पोरगा गोड होता, त्यात शंका नाही. पुढच्या उन्हाळ्यात एलोजी छातीत कळ येऊन गेले. मागे फोटो उरला तो एकच, लग्नातला. त्यात ते फौजदारापुढे उभं केल्यासारखे दिसायचे. म्हणून सिनेमा तयार झाल्याचा निरोप आला, तेव्हा बाईंनी ठेवणीतली नऊवारी बाहेर काढली. आपला माणूस पुन्हा हलताना दिसणार होता.

शाळेच्या सभागृहात खेळ लागला. अख्खी आळी लोटली. पडद्यावर बाईंचे हात दिसले, ताट दिसलं, आणि मग एलोजी आले. पगडी नेहमीसारखी डाव्या कानावर उतरलेली. बाईंचा हात ती सरळ करायला नकळत उचलला गेला. पण एलोजींचा आवाज कुठे होता? ओठ हलत होते, झांजा हलत होत्या, आणि वरून दुसराच कोणी भारदस्त आवाजात बोलत होता. एलोजींनी डोळे मिटले, नेमका त्याच क्षणी तो आवाज म्हणाला, "या लोकांचे देव दोन. एक आकाशात, दुसरा तिजोरीत. हे राहतात इथे, पण इथले कधीच होत नाहीत."

सभागृह हसलं. बाईंच्या शेजारी बसलेल्या मंदाकिनीबाईही हसल्या, आणि मग त्यांनी पदर तोंडावर धरला. पण हसायचं ते हसून झालं होतं.

मग काय, जो तो बोलायला लागला. बाईंचा पुतण्या शालोम म्हणाला, हा सरळसरळ ज्यूद्वेष आहे. युरोपात गेल्या लढाईत आपल्या लोकांचं जे झालं, त्याची सुरुवातही असल्याच हसण्याने झाली होती. मशिदीतले वडीलधारे म्हणाले, आपण मूठभर माणसं, इथे कुणी कधी आपल्याला बोट लावलं नाही, कशाला बोभाटा करायचा. इस्राएलला निघालेल्यांनी तर ट्रंका भरायला घेतल्या होत्या. त्यांना इथल्या सिनेमाचं काय? हरिहर मास्तरांचं म्हणणं, निवेदन वाईट आहे, पण चित्रं किती प्रेमाने घेतलीत ते बघा. सात पिढ्यांत घरात तिजोरी नव्हती, होता तो तेलाचा घाणा, हे बाई कुणाला सांगत बसणार?

आनंद आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. ती वाक्यं त्याने विलायती पुस्तकांतून घेतली होती, मोठमोठ्या विद्वानांच्या. नवा आवाज भरायला संस्था तयार नव्हती. पण घर बाईंचं, माणूस बाईंचा, असं तो म्हणाला. त्यांनी हरकत घेतली तर सिनेमा गोदामात जाईल आणि पुन्हा बाहेर निघणार नाही. नाहीतर आहे तसाच गावोगाव फिरेल. पुढचा खेळ कल्याणला होता.

"बघून सांगते," बाई म्हणाल्या.

शालोमचं डोकं फिरलं. बघायचं काय उरलंय त्यात, असं तो तोंडावर म्हणाला. त्याला काय कळणार! बाईंना एलोजी बघायचे होते. कान झाकून घेतले की झालं, असा त्यांनी मनाशी हिशेब केला होता, आणि त्या एकट्याच कल्याणला गेल्या.

बायकांच्या रांगेत एका हसऱ्या बाईशेजारी जागा मिळाली. तिने लगेच पानाचा डबा पुढे केला, लेक पहिलटकरीण आहे म्हणाली, शेगुलाबाईंनी तिला चार गोष्टी सांगितल्या. दोघींचं छान जमलं. मग दिवे मालवले. एलोजी पडद्यावर आले तसे बाईंनी कान घट्ट दाबले. पण डोळे उघडे होते ना. एलोजींनी डोळे मिटले आणि सगळ्यांचे खांदे हलले. शेजारीण हसत कानाशी वाकली, तेव्हा हात काढावाच लागला.

"बरं झालं बाई, असली माणसं आपल्याकडे नाहीत."

शेगुलाबाई परत येताना वाटेत रडल्या. त्या बाईचा त्यांना रागसुद्धा धड आला नाही, तिला दाखवलं ते तिने पाहिलं. पण उद्या भिवंडीला, परवा पनवेलला एलोजी असेच डोळे मिटणार आणि परक्या गावात लोक त्यांना हसणार, हे काही त्यांना सोसवेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आनंदला सांगितलं, "बंद कर. पण त्याआधी एकदा माझ्या अंगणात दाखव. आवाज काढून टाक."

संध्याकाळी धुवट चादर बांधली. वडीलधारे आले, मास्तर आले. मंदाकिनीबाई शाळेतल्या खेळापासून तोंड चुकवत होत्या. त्या कुंपणापाशीच उभ्या राहिल्या. शालोम मात्र फिरकला नाही, आणि असला सिनेमा पुन्हा घरी लावल्याबद्दल त्याने काकूला मरेपर्यंत माफ केलं नाही. यंत्राची घरघर तेवढी ऐकू येत होती. चादरीवर एलोजी उभे राहिले, ओठ हलले, आणि शेगुलाबाईंनी मांडीवरच्या झांजा उचलून गायला सुरुवात केली. गळा सुईणीचा, गाणारीचा नव्हे. पण ओठाला ओठ जुळले. दर्यादादा, सर बाजूला. एलोजींनी डोळे मिटले. कुणी हसलं नाही. लेकरं माझी दमली रे, ही ओळ कुंपणापासून आली, ताल चुकलेली. बाईंनी मागे वळून न बघताच हाताने खूण केली, तशा मंदाकिनीबाई येऊन त्यांच्या शेजारी खाली बसल्या.

आणि तेवढ्यात फीत संपली. पद निम्म्यावर असताना एलोजी गेले, चादर नुसती पांढरी झाली. आनंद यंत्र बंद करायला उठला.

"थांब, राहू दे उजेड," शेगुलाबाई म्हणाल्या. "त्यांचं पद पुरं व्हायचंय."

कोऱ्या चादरीकडे बघत त्यांनी उरलेल्या दोन ओळी म्हटल्या, पैलतीरावरच्या चुलीच्या आणि लांबलेल्या रात्रीच्या. मग झांजा खाली ठेवल्या आणि आनंदला म्हणाल्या, "आता घेऊन जा."