जखमेवर रानची माती

शिरोळकडं आमच्या रानाला लागून डुकरांची शेड झाली, तेव्हापासून बायका आमच्या बांधावरून नाकाला पदर लावून जायच्या. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, त्याचं काहीच वाटायचं नाही. शेड धुतलेलं काळं पाणी मालक आमच्या उसाला फुकट सोडायचा. ऐन उन्हाळ्यात इतरांचा ऊस वाळत असताना आमचा गच्च हिरवा उभा असायचा. नाक मुरडणाऱ्यांना आबा मुद्दाम रस प्यायला बोलवायचे आणि ते काहीतरी निमित्त काढून पळाले की पोटभर हसायचे.

नव्वदचं दशक सरत आलेलं. मी कॉलेजात होते. म्हशीसाठी वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, तोडताना कोयता निसटला आणि आबांच्या पोटरीत बसला. आमच्याकडं सगळे करतात तेच त्यांनी केलं. सरीतली ओली माती मूठभर उचलून जखमेवर दाबली. रक्त थांबलं.

"दवाखान्यात चला की," मी म्हटलं.

"आपल्या रानची माती हाय. काय हुतंय त्याला?"

व्हायचं ते झालं. पाय गुडघ्यापर्यंत सुजला, तांबडालाल झाला. गावच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं बदलून बदलून पाहिली. ताप हटेना, तेव्हा आम्ही आबांना कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्यात हलवलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पू तपासायला पाठवला आणि जखमेवर काय लावलं होतं ते विचारलं.

"माती. सोन्यासारखी माती हाय आमची," आई म्हणाली.

तपासणीचा अहवाल आल्यावर बाईंनी रानाला पाणी कुठलं तेही खोदून विचारलं. मी शेडचं सांगितलं. त्या समजावून सांगू लागल्या.

"डुकरांना खाद्यातून सारखी औषधं देतात. त्या औषधांनाही जे जंतू दाद देत नाहीत, ते त्या पाण्यातून मातीत उतरतात. हे तिथलेच, असं मी शपथेवर सांगणार नाही. पण आमचं एकही औषध या जंतूंवर चालत नाही. पाय ठेवला तर माणूस राहणार नाही."

मला शेडमालकाचा राग आला. आबांचा त्याहून जास्त आला. पण ते खाटेवर कण्हायला लागले की तो राग कुठं ठेवावा तेच कळायचं नाही.

पाय गुडघ्याच्या वरून कापला. जीव वाचला. कापलेला पाय तिथं नातेवाइकांच्याच ताब्यात द्यायचे. काका ते पांढऱ्या कापडातलं गाठोडं दोन्ही हातांवर घेऊन खाटेशी उभे राहिले. कुठं न्यायचं, हे विचारायला त्यांची जीभ रेटेना. आबांनी गाठोड्याकडं बघितलं. डोळे कोरडेच होते.

"रानात पुर," ते काकांना म्हणाले. "माझा पाय माझ्या मातीत जाऊ दे."

आई उशाशी बसली होती. ती उठून मध्ये आली.

"न्हाय," ती म्हणाली. "हितं कुठंबी पुरा. त्या मातीत न्हाय घालायचा."

तेव्हा आबा भिंतीकडं तोंड करून रडले.